चर्चच्या हॉलमधलं इंग्रजी: नवख्यांसाठी गप्पांचा गट कसा सुरू करावा, कसा चालवावा

इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन तिसरा दिवस. बसमधून उतरताना ड्रायव्हर म्हणाला, ‘टा-रा, मी डक!’ मी कराडला बी.एस्सी. केलेली, इंग्रजीत प्रॅक्टिकलं लिहिलेली बाई. फुटपाथवर उभी राहून विचार करत होते, की या माणसानं मला बदक का म्हटलं असेल. नवऱ्याला विचारलं, तर त्याच्या ऑफिसात सगळे भारतीय. त्यालाही पत्ता नाही.

उत्तर मिळालं ते दोन आठवड्यांनी, आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या चर्चच्या हॉलमध्ये. तिथं दर मंगळवारी सकाळी ‘इंग्लिश कॉन्व्हर्सेशन कॅफे’ भरायचा. फी नाही, परीक्षा नाही. चहा, बिस्किटं आणि चार-पाच टेबलं. टेबलावरच्या पेन्शनर आजी हसून म्हणाल्या, ‘टा-रा’ म्हणजे बाय, ‘मी’ म्हणजे ‘माय’, आणि इथे मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, सगळेच एकमेकांना डक म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली ‘काय देऊ, बाळा?’ म्हणते ना, तसंच. त्याच दिवशी मला ‘कॉब’ हा शब्दही मिळाला. इथे गोल पावाला कॉब म्हणतात, आणि दुकानात ‘ब्रेड रोल’ मागितला की समोरचा क्षणभर थांबतो.

मी दोन वर्षं त्या टेबलाच्या शिकणाऱ्या बाजूला बसले. पुढे चहा ओतू लागले, मग टेबल सांभाळू लागले, आणि शेवटी दुसऱ्या एका चर्चमध्ये असाच गट उभा करायला मदत केली. इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी मंडळींना बरेचदा वाटतं, ‘आपणही काही करावं, पण इंग्रजी शिकवायला आपण कोण?’ हा लेख त्यांच्यासाठी आहे. नुकते आलेले असाल तरी वाचा. गट पलीकडून कसा चालतो ते कळलं, की त्यातून जास्त पदरात पाडून घेता येतं.

आधी जाऊन बसा

गट काढायच्या आधी आसपासचे दोन-तीन गट पाहून या. कॉलेजमधले ईसॉलचे (मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीचे) वर्ग वेगळे. तिथे एन्ट्री वन, टू, थ्री आणि पुढे लेव्हल वन, टू अशा पायऱ्या असतात, दाखल्यासाठी चाचणी असते, आणि बहुतेक प्रवेश सप्टेंबरला होतात. जानेवारीत विमानातून उतरलेल्या बाईनं तोवर काय करायचं? शिवाय वर्गात व्याकरण शिकून झालं, तरी ते वापरायला माणूस लागतं. चर्चचा गट ही जागा भरून काढतो, कॉलेजची नाही. हे पहिल्यापासून डोक्यात पक्कं असलं की पुष्कळ चुका टळतात. आमच्या गटात सुरुवातीला एका निवृत्त शिक्षकांनी फळा आणून काळ शिकवायला घेतले. तिसऱ्या आठवड्यात टेबलं निम्मी रिकामी.

चर्चच का, असं मला खूप जण विचारतात. कारण अगदी व्यवहाराचं आहे. जवळजवळ प्रत्येक वस्तीत चर्च आहे, चर्चला हॉल आहे, हॉलला स्वयंपाकघर आहे, आणि त्या स्वयंपाकघरात दिवसा मोकळी असलेली, बोलायची हौस असलेली निवृत्त माणसं आहेत. लायब्ररीत हॉल असतो पण चहा नसतो. आणि या कामात चहा फार महत्त्वाचा.

धर्माची गोष्ट पहिल्याच दिवशी मोकळी करा

मराठी घरांत हा प्रश्न निघतोच. मी जायला लागले तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, ‘तिथं काही बाटवाबाटवी नाही ना?’ विचारणं वावगं नव्हतं. आपल्या इतिहासात त्याचा मोठा दाखला आहे: १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच बाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या आणि चर्चच्या वडीलधाऱ्यांशी धर्मावरून पत्रातून बिनतोड वाद घालत होत्या. म्हणजे ऐकणारा माणूस मेणाचा नसतो, हेही त्याच दाखल्यात आहे.

व्यवहारात काय करायचं, तर पोस्टरवर आणि पहिल्या भेटीत स्वच्छ सांगायचं: हा गट चर्च चालवतं, सर्व धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांचंही स्वागत आहे, इथे इंग्रजी बोलतात. बायबल वाचनाचा कार्यक्रम असेल तर तो वेगळ्या वेळी, वेगळ्या नावानं ठेवायचा, आणि आमंत्रण एकदाच द्यायचं. गप्पांच्या शेवटी ‘आता पाच मिनिटं प्रार्थना’ असं कोणाला न विचारता घुसडलं, तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच फसवणं असतं. ख्रिसमस काय, ईस्टर काय, पॅनकेक डे काय, हे विषय मात्र जरूर घ्या; तो इथल्या कॅलेंडरचा भाग आहे. मग ईद, नवरोज, दिवाळीही त्याच टेबलावर येऊ द्या.

नवख्यांसाठी एक खूण: पोस्टरवर ‘अल्फा’ असं लिहिलं असेल तर तो ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा कोर्स आहे, इंग्रजीचा वर्ग नव्हे. जेवण चांगलं असतं. जायचं तर समजून जा.

वेळ, जागा, कागदपत्रं

वार आणि वेळ ठरवताना घड्याळ शाळेचं बघा. मुलं नऊच्या आत शाळेत जातात, तीन-सव्वातीनला सुटतात. म्हणून दहा ते बारा ही वेळ आयांना सोयीची. पेन्शनरांचा फुकट बसपास आठवड्याच्या दिवशी साडेनऊनंतर चालतो, म्हणजे तुमचे निम्मे व्हॉलंटियर त्याआधी निघणारच नाहीत. शुक्रवार दुपार टाळा, जुम्म्याची नमाज असते. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा गट लागतो, पण हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो आणि बायका येत नाहीत. दोन्ही जमत नसेल तर सकाळच धरा. शाळेच्या सुट्टीत गटही बंद, हे पोस्टरवर लिहा. नाहीतर पावसात कोणीतरी बंद दारासमोर उभं राहतं आणि पुन्हा येत नाही.

जागेत तीन गोष्टी बघा: हीटर चालतो का, बाबागाडी आत येते का, आणि आवाज घुमतो का. जुन्या दगडी हॉलमध्ये पाच टेबलांवर एकदम बोलणं सुरू झालं की नवख्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. टेबलं लांब लांब मांडा, टेबलक्लॉथ घाला. कापडानं आवाज खरंच मरतो.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. प्रत्येक चर्चमध्ये सेफगार्डिंगची, म्हणजे मुलं आणि असहाय माणसं सुरक्षित राहतील हे बघण्याची, जबाबदारी एका व्यक्तीवर असते. तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोणाची डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीची सरकारी तपासणी लागेल ते तीच सांगेल (व्हॉलंटियरला त्याची सरकारी फी पडत नाही). चर्चचा विमा या कार्यक्रमाला लागू आहे ना, हे लेखी विचारा. लहान मुलांसाठी कोपऱ्यात चटई आणि खेळणी ठेवा, पण मुलांची जबाबदारी आईचीच आणि आई त्याच खोलीत, हा नियम ठेवा. मुलं वेगळ्या खोलीत सांभाळायची म्हटलं की नियमांचं सगळं गणितच बदलतं. हजेरीच्या वहीत नाव आणि हवा असेल तर फोन, एवढंच घ्या. पासपोर्ट, व्हिसा, पत्ता, देश काही विचारू नका. वही उघडी टाकू नका. तिथे आलेल्या काही माणसांच्या दृष्टीनं आपलं नाव कुठेतरी लिहून घेतलं जाणं ही साधी गोष्ट नसते.

कोण येणार, याची तयारी

आमच्याकडे एका सकाळी एका टेबलावर कोण कोण असायचं: हाँगकाँगहून आलेले निवृत्त इंजिनियर (हाँगकाँगच्या लोकांसाठीच्या बीएनओ व्हिसाची वाट २०२१च्या जानेवारीअखेरीस उघडल्यावर असे बरेच आले), युक्रेनची एक आजी, सुदानची तरुण आई, इराणी मुलगा, आणि एखादी आपलीच, डिपेंडंट व्हिसावर आलेली, नागपूर किंवा नाशिकची.

यांतल्या प्रत्येकाची अडचण वेगळी. हाँगकाँगच्या काकांना वाचता सगळं येतं. सुदानच्या आईला बोलता बऱ्यापैकी येतं, पण डावीकडून उजवीकडे लिहिण्याची सवय नाही. काही जण असे असतात की ते स्वतःच्या भाषेतही कधी शाळेत गेलेले नसतात. त्यांच्या हातात छापील कागद देणं म्हणजे सगळ्यांसमोर लाजवणं. म्हणून पहिल्या भेटीत कोणालाच काही वाचायला लावू नका. चित्र, वस्तू, नकाशा, पैशांची नाणी ठेवा, आणि बोला.

आपल्या लोकांची अडचण सगळ्यात मजेशीर. आपल्याला इंग्रजी येतं, पण ऐकू येत नाही. टीव्हीवरच्या बातम्या कळतात, दुकानातला माणूस कळत नाही. आणि आपण बोलतो ते ‘टुडे मॉर्निंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘डू वन थिंग’. ते चूक म्हणून हिणवायचं कारण नाही, करोडो लोक तसं बोलतात. पण इथल्या कानाला ते अडखळतं, एवढं सांगावं. शिक्षण जास्त म्हणून मराठी बाई टेबलावर गप्प बसते: चुकले तर काय म्हणतील! तिला बोलतं करणं हे शून्यापासून सुरू केलेल्यापेक्षा अवघड जातं. मी स्वतः पहिले तीन मंगळवार फक्त ‘येस’ आणि ‘थँक यू’वर काढले होते.

चहा हा अभ्यासक्रमाचा भाग आहे

दारात एक माणूस फक्त स्वागताला ठेवा. त्याचं काम एवढंच: हसणं, नाव विचारणं, नाव नीट उच्चारून नावाचं लेबल लावणं आणि चहाच्या बंबापर्यंत पोचवणं. ‘तुमचं नाव अवघड आहे, आम्ही सॅम म्हणू का?’ असं कधीही नाही. दोनदा विचारा, तिसऱ्यांदा म्हणून दाखवा.

चहा ओतणं ही पहिली इंग्रजी परीक्षा. ‘मिल्क? शुगर? से व्हेन.’ हे ‘से व्हेन’ म्हणजे ‘पुरे झालं की सांगा’, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकानं मला शिकवलं नव्हतं. माझा कप भरून बशीत सांडला तेव्हा कळलं. दुसरा धडा ‘टी’ याच शब्दाचा. इथल्या मिडलंड्सात आणि उत्तरेत ‘टी’ म्हणजे कित्येक घरांत रात्रीचं जेवण. शेजारणीनं मुलाला ‘टी’ला बोलावलं आणि तुम्ही त्याला पोटभर जेवू घालून पाठवलंत, तर दोघांचीही पंचाईत.

खाण्यात शाकाहारी आणि हलाल दोन्हींचा विचार करा. जेली असलेल्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, त्या आणूच नका. साधी बिस्किटं, फळं, पाकिटं समोर ठेवलेली, म्हणजे ज्याला हवं तो वाचून घेईल. इरिट्रिया, इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी दूधसुद्धा घेत नाहीत. आपला उपवास दुधावर चालतो, त्यांचा दुधावर मोडतो! बुधवारचा गट असेल तर ओटचं दूध ठेवा. रमजानात चहा बंद करू नका. फक्त तो टेबलावर न आणता मागे खिडकीशी ठेवा, आणि रोजा असणाऱ्यांना आधी विचारा की त्यांना कसं चालेल. बहुतेक जण ‘अहो, घ्या तुम्ही’ म्हणतात. विचारलं, याचं त्यांना बरं वाटतं.

टेबल कसं चालवायचं

आता मुख्य काम. एका टेबलाला चार, फार तर पाच शिकणारे आणि एक व्हॉलंटियर. एकाच भाषेचे दोघे शेजारी बसवू नका, नाहीतर एक जण दुसऱ्याचा कायमचा दुभाषा होतो. पण अगदी नवीन, घाबरलेल्या माणसाला पहिले दोन आठवडे त्याच्या भाषेचं कोणी शेजारी द्या. नियम माणसासाठी.

दोन तासांची आमची घडी अशी बसली: पहिली पंधरा मिनिटं येणं-जाणं, चहा, मग पस्तीस-चाळीस मिनिटं टेबलावर एक विषय, मग वीस मिनिटांची मोठी सुट्टी, उभ्यानं, कोणीही कोणाशीही, मग अर्धा तास खेळ किंवा प्रसंग वठवणं, शेवटी सूचना. हे काटेकोर पाळू नका. सुट्टीत गप्पा रंगल्या असतील तर खेळ सोडून द्या.

आणि जो नियम मी प्रत्येक नव्या व्हॉलंटियरला दारातच सांगते तो हा: टेबलावर सगळ्यात कमी बोलायचं ते तुम्ही. प्रेमळ इंग्रज आजोबांना हे सगळ्यात अवघड. कोणी ‘आय लाइक गार्डन’ म्हटलं की ते स्वतःच्या टोमॅटोंवर दहा मिनिटं बोलतात, सगळे मान डोलावतात, आणि सगळ्यांना वाटतं सकाळ छान गेली. बोललं कोण? आजोबा. त्यांच्या इंग्रजीला सरावाची गरज नव्हती. मी एकदा एका टेबलामागे बसून कागदावर नुसत्या रेघा मारल्या, कोण किती वेळा बोललं त्याच्या. सुट्टीत तो कागद त्या व्हॉलंटियरला दाखवला. काही सांगावं लागलं नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात सात आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला खुपते, समोरच्याला नाही. तो मनात शब्द जुळवत असतो. आपण घाईनं त्याचं वाक्य पुरं करतो आणि त्याची मेहनत वाया घालवतो.

चुका? प्रत्येक चूक धरू नका. इराणी मुलगा म्हणाला, ‘यस्टरडे आय गो टू इस्कूल’, तर तुम्ही सहज म्हणा, ‘ओह, यू वेंट टू स्कूल? व्हॉट हॅपन्ड?’ बरोबर रूप त्याच्या कानावर गेलं, गप्पाही चालू राहिल्या. अर्थाचा गोंधळ होईल अशा दोन-तीन चुका चिठ्ठीवर टिपा आणि शेवटी, नाव न घेता, सगळ्या टेबलाला सांगा.

उच्चारांची थोडी माहिती असू द्या

अरबी बोलणाऱ्यांना ‘प’ जड जातो, ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ होतं. फारसी बोलणारे ‘स्कूल’आधी ‘इ’ लावतात, आपल्याकडचे काही हिंदीभाषक लावतात तसाच. फ्रेंच शिकून आलेले, काँगो-कॅमेरूनचे लोक स्पेलिंग सांगताना ‘जी’ आणि ‘जे’ ही अक्षरं उलटी म्हणतात. पोस्टकोड चुकीचा लिहिला जातो तो त्यामुळे.

मराठी माणसाला एक फायदा आहे, जो त्याला कोणी सांगत नाही. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’, ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतला फरक आपण लिहिताना करतो. तोच ओठांवर आणायचा: ‘व’ला ओठ गोल, ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठावर. तसेच आपल्याकडे ज दोन आहेत, ‘जग’मधला आणि ‘जीवन’मधला, पहिला ‘झू’च्या जवळ, दुसरा ‘जीन्स’चा. ‘ऑ’ आणि ‘ॲ’ला तर आपण स्वतंत्र चिन्हंच केली आहेत. आपलं घोडं अडतं ते आघातावर. ‘फोटोग्राफ’ आणि ‘फटॉग्रफी’ यांत जोर जागा बदलतो आणि उरलेले स्वर गिळले जातात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला सारखा न्याय देतो, इंग्रजी देत नाही. हे टाळ्या वाजवून शिकवता येतं: जोराच्या जागी टाळी.

विषय: काय घ्यावा, काय नाही

इथे माझी एक चूक सांगते. तिसऱ्या की चौथ्या सत्रात मी सगळ्यांना कोरे कागद दिले आणि आपल्या कुटुंबाचं झाड काढायला सांगितलं. आपल्याला किती सोपा विषय! आत्या, मामा, चुलत, मावस. समोरच्या एका माणसानं पेन्सिल धरली, दोन नावं लिहिली, पेन्सिल खाली ठेवली आणि कोट घेऊन बाहेर गेला. तो तीन आठवडे आला नाही. झाडावर लिहायला कोण उरलं होतं, हे मी विचारात घेतलंच नव्हतं.

तेव्हापासून घर, कुटुंब, ‘इकडे का आलात’, ‘परत कधी जाणार’ हे प्रश्न आम्ही विचारत नाही. कोणी आपणहून सांगितलं तर ऐकतो. विचारतो ते आजचं आणि इथलं: आज कोणत्या बसनं आलात, या आठवड्यात काय महाग झालं, सकाळी काय खाल्लं, इथली कोणती गोष्ट अजून कळली नाही. हा शेवटचा प्रश्न सोन्याची खाण आहे. त्यातून कचऱ्याच्या रंगीत डब्यांचं वेळापत्रक निघतं, चॅरिटी शॉप निघतं, ‘नॉट टू बॅड’ म्हणजे चांगलं की वाईट हे निघतं.

एकदा वेळेवर बोलणं निघालं. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे किती वाजता? इंग्रज म्हणतो साडेसात. युक्रेनच्या आजी म्हणाल्या साडेसहा. त्यांच्याकडे सातव्या तासाचं अर्धं झालं असं मोजतात, जर्मनमध्येही तसंच. त्या डेंटिस्टकडे तासभर आधी जाऊन का बसल्या होत्या, याचा उलगडा तिथे झाला. आपलं ‘साडे’ इंग्रजीच्या बाजूचं, हे सांगताना मला उगाचच अभिमान वाटला.

एक पूर्ण सत्र कसं दिसतं ते सांगते, म्हणजे कल्पना येईल. विषय: जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, फोन.

सुरुवातीला वाक्यं नाहीत, अनुभव. कोणी फोन केला होता? काय झालं? हमखास तक्रार येते की रिसेप्शनिस्ट उद्धटपणे विचारते, ‘कॅन आय आस्क व्हॉट इट्स अबाउट?’ माझा आजार तिला का सांगू? तेव्हा समजावून सांगावं लागतं की ती चौकशी नाही, कोणाला आधी आणि कोणाकडे पाठवायचं हे ठरवायला ती विचारते. आणि खासगी असेल तर ‘इट्स पर्सनल’ म्हणता येतं. मग लागणारे पाच-सहा तुकडे: ‘आय’ड लाइक टु बुक ॲन अपॉइंटमेंट, प्लीज’, ‘कुड यू से दॅट अगेन, अ बिट स्लोअर?’, ‘आय नीड ॲन इंटरप्रिटर’. दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. मग जन्मतारीख, ‘फर्स्ट लाइन ऑफ युअर ॲड्रेस’, पोस्टकोड. शून्याला इथे ‘ओ’ म्हणतात, लागोपाठ दोन चारांना ‘डबल फोर’.

आता खरी गंमत. दोघांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवा. चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, हातवारे कामाचे नाहीत. फोनवर असतं तसंच. एक रिसेप्शनिस्ट, एक पेशंट. रिसेप्शनिस्टला सांगून ठेवा की मध्येच भराभर बोल. पेशंटचं काम बरं होणं नाही, तर न घाबरता ‘सॉरी, स्लोअर प्लीज’ म्हणणं. दोनदा करा, भूमिका बदला. शेवटी १११ (आजारपणाच्या सल्ल्याचा नंबर) केव्हा आणि ९९९ (जिवावरच्या संकटाचा) केव्हा, एवढं. याच साच्यात शाळेतल्या शिक्षकांना भेटणं, घरमालकाला गिझर बंद पडल्याचं सांगणं, दुकानात वस्तू परत करणं हे सगळं बसतं.

मदत कुठे थांबवायची

काही आठवड्यांत विश्वास बसला की पिशव्यांतून पत्रं बाहेर येतात. काउन्सिलचं, शाळेचं, आणि मग होम ऑफिसचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याचं. इथे हात आखडता घ्यावाच लागतो. पत्रातल्या शब्दाचा अर्थ सांगणं हे इंग्रजी आहे. ‘या रकान्यात असं लिहा म्हणजे व्हिसा मिळेल’ हा इमिग्रेशनचा सल्ला झाला, आणि नोंदणी नसताना तो देणं १९९९च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. फुकट दिला तरी. नोंदणी असलेले सल्लागार इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत सापडतात, बाकी घर-बिलं-कर्ज यांसाठी सिटिझन्स ॲडव्हाइस ही फुकट सल्ला देणारी संस्था. जवळच्या ठिकाणांचे पत्ते आणि वेळा एका कागदावर काढून ठेवा. आपली माणसं इथे विशेष घसरतात: ‘आमच्या ह्यांनी आयएलआरचा (कायम राहण्याच्या परवानगीचा) फॉर्म स्वतः भरला होता, मी सांगते ना.’ नका सांगू.

पैसे उसने देऊ नका. अडचण असेल तर चर्चच्या जबाबदार व्यक्तीकडे न्या, फूड बँकेचा रस्ता तिला माहीत असतो. एकट्यानं कोणाच्या घरी जाणं किंवा गाडीतून सोडणं याचे चर्चचे नियम विचारून घ्या.

परीक्षेची विचारणाही होते. ‘लाइफ इन द यूके’ ही कायम राहण्यासाठी आणि नागरिकत्वासाठी लागणारी २४ प्रश्नांची परीक्षा, वेळ ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. तिचे प्रश्न सुट्टीत एकमेकांना विचारायला मजा येते, पण मुख्य टेबल त्याला देऊ नका. हेन्री आठव्याच्या सहा बायका पाठ करून फोनवर बोलता येत नाही. भाषेच्या पातळीचे नियम बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच वाचायला सांगा.

शिकणाऱ्याला कामाला लावा

गट टिकतो तो यावर. दुसऱ्या महिन्यापासून जुन्या माणसाला काहीतरी काम द्या: लेबलं लिहिणं, चहा, नव्याला दारातून टेबलाशी आणणं. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्यांना सहसा नोकरी करता येत नाही, पण धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करता येते, आणि सरकारनं ठेवलेल्या हॉटेलच्या खोलीत सहा महिने काढलेल्या माणसाला ‘मंगळवारी साडेनऊला तू लागतोस’ हे वाक्य काय वाटतं ते तोच जाणे. आपल्याकडून सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबाही उत्तम. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, दिवस खायला उठतो. माझे बाबा आले तेव्हा दर मंगळवारी हाँगकाँगच्या काकांशी क्रिकेट या विषयावर भांडायला जायचे, आणि काकांना क्रिकेट मुळीच येत नव्हतं. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा एकूण तीस दिवसांपर्यंतच करता येते, तेवढं लक्षात ठेवून त्यांना काम द्या. शिकणारे म्हणून येऊन गप्पा मारणं वेगळं.

नवे व्हॉलंटियर आले की त्यांना पहिल्या दिवशी टेबल देऊ नका. एक सकाळ त्यांना शिकणाऱ्यांत बसवा आणि आपल्यातल्या कोणाला तरी दहा मिनिटं फक्त मराठीत शिकवायला सांगा. मी ‘हा कप, ही बशी, हे ताट’ शिकवते. कप पुल्लिंगी का, बशी बाई का, याला उत्तर नाही. निवृत्त बँक मॅनेजर घामाघूम होऊन ‘हा बशी’ म्हणतात, सुदानची आई त्यांना दुरुस्त करते, आणि त्या दिवसानंतर ते सावकाश बोलू लागतात.

शेवटचं, कपांबद्दल. कागदी कप आणू नका, हॉलमध्ये डिशवॉशर असला तरी तो लावू नका. बारा वाजता दोघं विसळायला आणि दोघं पुसायला उभे करा, त्यात निदान एक इथला आणि एक नवा असेल असं बघा. हात पाण्यात असले की माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, आणि टेबलावर तासभर गप्प बसलेली बाई तिथे बोलायला लागते. मी पहिलं सलग वाक्य तिथेच बोलले होते. आजींना विचारलं, हा टॉवेल कुठे वाळत घालायचा.